सूतिकेच्या खोलीपासून : डॉ. आनंदीबाई जोशी यांचे चरित्र

डॉ. आनंदीबाई जोशी यांचे चरित्र मराठी वाचकाला इतके परिचित आहे की त्यात नव्याने सांगण्याजोगे काही उरले असेल, असे प्रथमदर्शनी वाटत नाही. नवव्या वर्षी झालेला विवाह, पतीच्या आग्रहाने घडलेले शिक्षण, पतीला सोबत न घेता केलेला समुद्रप्रवास, फिलाडेल्फियाची वैद्यकीय पदवी आणि वयाची बावीस वर्षे पुरी होण्यापूर्वीच आलेला मृत्यू, ही या कथेतील ठरलेली स्थळे होत. चरित्र, कादंबरी, नाटक आणि चित्रपट या सर्वांनी त्यांचीच पुनःपुन्हा उजळणी केली आहे. या स्थळांमध्ये आणखी एक स्थळ आहे. त्याचा उल्लेख सर्वजण करतात, परंतु तेथे थांबत मात्र कोणी नाही. ते स्थळ म्हणजे चौदाव्या वर्षी झालेली आनंदीबाईंची प्रसूती. मुलगा झाला, तो दहा दिवस जगला, योग्य वैद्यकीय साहाय्य न मिळाल्याने दगावला आणि त्यामुळे आईच्या मनात वैद्यकाचा ध्यास निर्माण झाला, अशी ही हकीकत दोन-तीन वाक्यांत आटोपते. या वाक्यांत मूल आहे, शोक आहे आणि भावी संकल्पही आहे. नाही ती त्या मुलाची आई. दहाव्या दिवशी मूल गेले तेव्हा ती अजून बाळंतिणीच्या खोलीतच होती. तिचे शरीर सावरावयाचे होते. प्रस्तुत लेखात आनंदीबाईंचे आयुष्य त्या खोलीपासून पाहण्याचा प्रयत्न केला आहे. त्यांनी पदवीसाठी लिहिलेल्या प्रबंधाचा विषय पाहता ही दृष्टी अप्रस्तुत ठरू नये.

आनंदीबाईंचा जन्म ३१ मार्च १८६५ चा. माहेरचे नाव यमुना. वडील गणपतराव अमृतेश्वर जोशी हे कल्याणचे. घराणे एके काळी संपन्न होते, परंतु यमुनेच्या बालपणी त्याला उतरती कळा लागली होती. १८७४ मध्ये, म्हणजे वयाच्या नवव्या वर्षी, तिचा विवाह गोपाळ विनायक जोशी यांच्याशी झाला. गोपाळराव टपालखात्यात नोकरीस होते, बिजवर होते आणि वयाने वधूपेक्षा सुमारे वीस वर्षांनी मोठे होते. विवाहानंतर यमुनेची आनंदी झाली. गोपाळरावांच्या स्वभावाविषयी पुष्कळ लिहिले गेले असल्यामुळे येथे त्याचा विस्तार करीत नाही. पत्नीने शिकावे हा त्यांचा हट्ट होता आणि त्या हट्टापायी ते तिला मारहाणही करीत, एवढे नमूद करणे पुरेसे आहे. पुढे अमेरिकेतून पतीला लिहिलेल्या एका पत्रात आनंदीबाईंनी आपल्या दहाव्या, बाराव्या आणि चौदाव्या वर्षी सोसलेल्या शिक्षांचा हिशेब शांतपणे मांडला आहे. चौदावे वर्ष म्हणजे प्रसूतीचेच वर्ष होय, ही गोष्ट ते पत्र वाचताना सहसा लक्षात घेतली जात नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात महाराष्ट्रातील ब्राह्मण कुटुंबात बाळंतपण कसे होई, याचे चित्र घरोघरच्या रूढींवरून बरेच स्पष्ट उभे करता येते. पहिले बाळंतपण माहेरी करण्याचा प्रघात होता. घरातील एक आडबाजूची, बहुधा अंधारी आणि कमी खिडक्यांची खोली बाळंतिणीसाठी रिकामी केली जाई. वारा लागू नये म्हणून फटी बुजवीत, दाराला पडदा लावीत, बाजेखाली शेगडी ठेवीत. ओवा, बाळंतशेपा, वावडिंग यांची धुरी देण्यात येई. अंगाला तेल चोळून कढत पाण्याने न्हाऊ घालीत आणि पोट लांब धडप्याने घट्ट आवळून बांधीत. सुंठ, गूळ आणि तूप यांची गोळी, डिंकाचे व मेथीचे लाडू, अळिवाची खीर हा तिचा आहार. पहिल्या दहा दिवसांत सोयर असल्यामुळे तिला कोणी शिवत नसे. सुईण आणि घरातील एखादी वडीलधारी स्त्री एवढाच तिचा संबंध. पाचव्या-सहाव्या रात्री सटवीची पूजा होई आणि ती रात्र जागून काढण्यात येई. बाराव्या दिवशी बारसे होई आणि मुलाला नाव मिळे. आईचे पथ्य मात्र त्यानंतरही सव्वा महिन्यापर्यंत चालू राही.

या व्यवस्थेकडे निव्वळ अज्ञान म्हणून पाहण्याची सवय सुधारकी लेखनाने आपल्याला लावली, तर निव्वळ परंपरागत शहाणपण म्हणून पाहण्याची सवय अलीकडच्या लेखनाने लावली आहे. दोन्ही दृष्टी अपुऱ्या आहेत. ज्या स्त्रीला वर्षाचे बाराही महिने पहाटेपासून रात्रीपर्यंत कामातून सुटका नसे, तिला सव्वा महिना विहीर, चूल आणि जाते यांपासून दूर ठेवणारी दुसरी कोणतीही सामाजिक सोय त्या काळी नव्हती. तूप, डिंक, खोबरे, खारीक हे पदार्थ सुनेच्या वाट्याला एरवी क्वचितच येत. अळिवात लोह आहे आणि रक्तस्राव झालेल्या शरीराला त्याची गरज असते, हेही आजच्या आहारशास्त्राला मान्य आहे. उलट धुराने कोंदलेली खोली, नाळ कापण्यासाठी वापरलेले अस्वच्छ पाते, जुनेर चिंध्या आणि बाहेरचा वैद्य तर दूरच, पण घरातील माणूसही आत येऊ न देणारी अस्पर्शता, ही त्याच व्यवस्थेची दुसरी बाजू होती. नवजात अर्भकाचा धनुर्वात सामान्यतः जन्मानंतरच्या पहिल्या पंधरवड्यातच प्रकट होतो आणि पहिल्या आठवड्याच्या अखेरीस तो विशेष दिसतो. सटवीच्या रात्रीची भीती नेमक्या त्याच दिवसांभोवती का गोळा झाली असावी, याचा विचार लोकसाहित्याच्या अभ्यासकांनी अवश्य करावा. मला तरी हा केवळ योगायोग वाटत नाही.

आनंदीबाईंचे मूल दहा दिवस जगले. रूढीप्रमाणे बारसे बाराव्या दिवशी होते, हे लक्षात घेतले म्हणजे त्या मुलाला इतिहासात नाव का नाही याचा उलगडा होतो. सोयर फिटण्याच्या सुमारासच ते गेले आणि सोयराचे सुतक झाले. पुढे काय? आपल्या भाषेने या अवस्थेसाठी शब्दच ठेवलेला नाही. संस्कृतातील सूतिका हा शब्द प्रसवाच्या क्रियेवरून आला आहे. जिने प्रसव केला ती सूतिका, मग मूल जगो वा न जगो. मराठीतील बाळंतीण हा शब्द बाळावरून आला आहे. बाळ असलेली ती बाळंतीण. रूढीचा कलही या शब्दासारखाच आहे. लाडू, खीर, काढे यांचे जे प्रयोजन घरात बोलून दाखविले जाते ते दूध उतरण्याचे. अंग भरून येण्याचे प्रयोजन त्याच्या मागोमाग येते. मूल गेल्यावर दुधाचे प्रयोजन संपते. पण दूध मात्र संपत नाही. ते येतच राहते, स्तन ठणकतात, ताप भरतो. चौदा वर्षांच्या मुलीच्या पुरत्या न वाढलेल्या कटिभागातून मूल बाहेर आलेले असते, ते दुखणे वेगळेच. मूल नसलेल्या बाळंतिणीची शुश्रूषा करणारी माणसे पुष्कळ घरांत निश्चितच असतील. परंतु तिच्यासाठी नाव नव्हते, विधी नव्हता आणि दिवसांची गणती नव्हती. ओव्या आणि पाळणे यांनी डोहाळ्यांपासून बारशापर्यंतचा सारा प्रवास गायिला आहे. बारशापूर्वीच पाळणा रिकामा झाला तर काय, याविषयी ही समृद्ध परंपरा एकाएकी मितभाषी होते.

येथे कायद्याची बाजूही ध्यानात घ्यावी. १८६० च्या भारतीय दंडसंहितेने शरीरसंबंधाच्या संमतीचे वय दहा वर्षे ठरविले होते. ते बारावर नेणारा कायदा १८९१ मध्ये, म्हणजे आनंदीबाईंच्या मृत्यूनंतर चार वर्षांनी आला आणि तोही प्रचंड वादळ उठवून. मुलीच्या विवाहाचे किमान वय चौदा ठरविणारा शारदा कायदा १९२९ चा. तेव्हा चौदाव्या वर्षी आई होणे ही त्या काळी दुर्मीळ आपत्ती नव्हती. आनंदीबाईंच्या बाबतीत दुर्मीळ ठरले ते एवढेच की त्या खोलीतून बाहेर आलेली मुलगी पुढे तिच्याविषयी शास्त्राच्या भाषेत लिहिण्याइतकी शिकली.

मधल्या वर्षांचा वृत्तांत थोडक्यात सांगता येईल. गोपाळरावांच्या बदल्यांबरोबर हे दांपत्य अलिबाग, कोल्हापूर, मुंबई, भूज, कलकत्ता आणि श्रीरामपूर असे फिरत राहिले. १८७८ मध्ये कोल्हापुराहून गोपाळरावांनी वाइल्डर नावाच्या अमेरिकन धर्मोपदेशकाला पत्नीच्या शिक्षणासंबंधी पत्र लिहिले. वाइल्डरने ते आपल्या नियतकालिकात छापले. न्यू जर्सीतील रोझेल गावच्या थिओडिसिया कार्पेंटर यांच्या वाचनात १८८० साली तो अंक आला आणि त्यांनी आनंदीबाईंशी पत्रव्यवहार सुरू केला. हा पत्रव्यवहार पुढे मावशी आणि भाची यांच्या नात्याला पोहोचला. आनंदीबाईंची प्रकृती या काळातही धड नव्हती. डोकेदुखी, बारीक ताप, थकवा यांच्या तक्रारी चालूच होत्या आणि अमेरिकेतून औषधे पाठविण्यापर्यंत कार्पेंटरबाईंची मजल गेली. या अशक्तपणाचे मूळ शोधताना चरित्रकार बंगालची हवा आणि बदल्यांची दगदग यांकडे बोट दाखवितात. त्यात काही चूक नाही. मात्र वाढत्या वयातील गर्भारपण आणि बाळंतपण यांची झीज शरीराला दीर्घकाळ भोवते, हेही त्यांना सुचावयास हरकत नव्हती.

२४ फेब्रुवारी १८८३ रोजी श्रीरामपूरच्या महाविद्यालयाच्या सभागृहात आनंदीबाईंनी आपल्या परदेशगमनाची कारणे सांगणारे व्याख्यान दिले. हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन, हा त्यातील भाग सर्वांच्या स्मरणात राहिला आहे. व्याख्यानाचा मुख्य मुद्दा मात्र दुसरा होता. हिंदुस्थानात स्त्री-डॉक्टरांची अत्यंत निकड आहे आणि ती भागविण्यासाठी आपण स्वतःला पात्र करू इच्छितो, असे त्यांनी तेथे सांगितले. महाविद्यालयाला प्रवेशासाठी लिहिलेल्या पत्रातही पुरुष वैद्याकडून उपचार घेण्यापेक्षा मरण पत्करणाऱ्या आपल्या देशभगिनींचा उल्लेख आहे. हे वाक्य अलंकारिक वाटण्याचा संभव आहे. बाळंतिणीच्या खोलीच्या उंबऱ्याशी पुरुष वैद्य अडत असे, ही वस्तुस्थिती ज्याला ठाऊक आहे त्याला ते तसे वाटणार नाही.

७ एप्रिल १८८३ रोजी कलकत्त्याहून निघून जूनच्या आरंभी त्या न्यूयॉर्कला उतरल्या आणि त्याच वर्षी पेनसिल्व्हेनियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाल्या. महाविद्यालयाच्या प्रमुख रेचेल बॉड्ली या रसायनशास्त्रज्ञ होत्या. त्यांनी शिष्यवृत्तीची व्यवस्था केली आणि पुढे मायेने त्यांच्याकडे लक्ष दिले. प्रसूतिशास्त्राचे अध्यापन ॲना ब्रूमॉल यांच्याकडे होते. १८८० ते १९०३ अशी तेवीस वर्षे त्या या विषयाच्या प्राध्यापक होत्या आणि प्रसूतिगृहात जंतुनाशक पद्धतीचा कटाक्षाने अवलंब करणाऱ्या आरंभीच्या अध्यापकांत त्यांची गणना होते.

हा तपशील देण्याचे कारण असे की आनंदीबाई ज्या काळी ज्या शहरात शिकल्या, तो काळ आणि ते शहर सूतिकाज्वराच्या इतिहासात महत्त्वाचे आहेत. प्रसूतीनंतर येणारा आणि आईला काही दिवसांत नेणारा हा ज्वर युरोप-अमेरिकेतील प्रसूतिगृहांचा शाप होता. तो वैद्याच्या हातांवाटे एका बाळंतिणीकडून दुसरीकडे जातो, असे बॉस्टनच्या ऑलिव्हर वेंडेल होम्स यांनी १८४३ मध्ये मांडले. १८४७ मध्ये व्हिएन्नात सेमेलवाइस यांनी प्रसूतिकक्षात येण्यापूर्वी क्लोरिनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुण्याचा नियम घातला आणि तेथील मृत्यू झपाट्याने घटले. या मताला अत्यंत कडवा विरोध झाला तो फिलाडेल्फियातूनच. तेथील ख्यातनाम प्रसूतिवैद्य चार्ल्स मेग्ज यांना सभ्य वैद्याचे हात रोग वाहतात ही कल्पनाच अपमानास्पद वाटली. पुढे १८७९ मध्ये पाश्चर यांनी सूतिकाज्वराचा जंतू पॅरिसच्या वैद्यकसभेत दाखवून दिला. आनंदीबाईंचे बाळंतपणही त्याच सुमाराचे. त्या विद्यार्थिनी असतानाच, १८८४ मध्ये, निकोलायर यांनी धनुर्वाताचा जंतू ओळखला. अर्थात जी विद्या त्या शिकत होत्या, ती त्या स्वतः बाळंतिणीच्या खोलीत होत्या तेव्हा जगातही नुकतीच आकार घेत होती. पाश्चात्त्य वैद्यक पुढारलेले आणि आपली सुईण मागासलेली, अशी सरळ विभागणी करणाऱ्यांनी मेग्ज यांचे नाव विसरू नये.

फिलाडेल्फियातील त्यांच्या दैनंदिन जीवनाची हकीकत मात्र क्लेशकारक आहे. शाकाहार सोडावयाचा नाही आणि लुगडे टाकावयाचे नाही हा निर्धार होता. थंडीसाठी लुगडे नेसण्याच्या पद्धतीत त्यांनी काही फेरफार केला, पण बर्फाळ हवेला तो पुरेसा नव्हता. राहण्याच्या खोलीतील शेगडी नीट पेटत नसे. पेटविली तर धूर आणि न पेटविली तर गारठा, यांतून निवड करावी लागे. स्वयंपाक स्वतःचा स्वतः करून अभ्यास करावयाचा. धूर कोंडलेल्या एका खोलीतून आयुष्याची दिशा घेतलेल्या या स्त्रीच्या वाट्याला सातासमुद्रांपलीकडेही तशीच खोली यावी, याला काय म्हणावे? क्षयाने त्यांच्या शरीरात घर केले ते याच वर्षांत.

१८८६ मध्ये पदवीसाठी सादर केलेला त्यांचा प्रबंध सुमारे पन्नास पृष्ठांचा आहे. आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र हा त्याचा विषय. आधुनिक प्रसूतिशास्त्रातील एखादा सोयीचा विषय घेऊन मोकळे होणे शक्य असता त्यांनी आयुर्वेदग्रंथांकडे वळून गर्भिणीचे आचरण, प्रसूती आणि अर्भकाचे संगोपन यांविषयी तेथे काय सांगितले आहे, ते अमेरिकन परीक्षकांपुढे मांडले. या निवडीला केवळ स्वदेशाभिमान मानणारे एक मत आहे. त्या काळच्या प्राच्यविद्येच्या वातावरणात असा अभिमान असणे अशक्य नव्हते. परंतु तेवढ्याने समाधान होत नाही. ज्या रूढी त्यांच्यावर चौदाव्या वर्षी चालविल्या गेल्या, त्यांचे मूळ कोठे होते आणि मुळात त्या कशा होत्या, हे तपासण्याचा मार्ग याच ग्रंथांतून जात होता.

या ग्रंथांत सूतिकेविषयी काय आहे, ते थोडे सविस्तर पाहणे योग्य होईल. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानाचा दहावा अध्याय सूतिकेची चर्या सांगतो. तिला बलातैलाचा अभ्यंग करावा, वातहर औषधांच्या काढ्याने उपचार करावे. दोष उरला असल्यास पिंपळी, पिंपळमूळ, गजपिंपळी, चित्रक आणि सुंठ यांचे चूर्ण ऊन गूळपाण्यातून दोन-तीन रात्री, दूषित रक्त जाईपर्यंत द्यावे. रक्त शुद्ध झाल्यावर स्निग्ध किंवा दुधातील पेज तीन रात्री. मग जव, बोर आणि कुळीथ घालून सिद्ध केलेल्या जांगल मांसरसाबरोबर साळीचा भात, तोही तिचे बळ आणि अग्नी पाहून. हा क्रम दीड महिना पाळल्यावर ती पथ्यातून मुक्त होते आणि तिची सूतिका ही संज्ञा संपते. पुन्हा ऋतुदर्शन होईपर्यंत ही संज्ञा राहते, असेही एक मत तेथे नोंदविले आहे. चरकाने पोटाला तूप-तेल लावून ते मोठ्या स्वच्छ वस्त्राने वेष्टावे असे सांगितले आहे आणि त्याचे कारणही दिले आहे, ते असे की रिकामी जागा न मिळाल्याने वायू तेथे विकार उत्पन्न करीत नाही. सूतिकेला होणारी व्याधी कष्टसाध्य किंवा असाध्य का असते, याची त्याने केलेली मीमांसा तर विशेष लक्षणीय आहे. गर्भ वाढविताना तिचे सर्व धातू क्षीण आणि शिथिल झालेले असतात आणि प्रसववेदना, स्राव व रक्त यांमुळे तिचे शरीर रिते झालेले असते.

येथे बाळाचा संबंध नाही हे पाहण्यासारखे आहे. चरक आणि सुश्रुत ज्या शरीराची चिंता करतात ते आईचे शरीर आहे. दुधाचा विचार त्यांनी वेगळा केला आहे आणि शोकाने दूध आटते हेही सुश्रुताने त्या विचारातच सांगितले आहे. आपल्या घरातील सुंठगुळाची गोळी, पोट बांधणे, तेल आणि कढत पाणी, सव्वा ते दीड महिन्याची मर्यादा या सर्वांचे धागे या ग्रंथांपर्यंत पोहोचतात. मांसरस शाकाहारी घरांतून गळाला. वस्त्र स्वच्छ असावे ही अट मात्र सोवळ्या-ओवळ्याच्या कल्पनेने गळाली, कारण सोयरातील बाळंतिणीला चांगले वस्त्र द्यावयाचे तर ते नंतर टाकून द्यावे लागे. परंपरेत काय टिकले आणि काय झिजले याचा एवढा नेमका नमुना क्वचितच सापडतो. ही परंपरा अद्याप संपलेली नाही. दिल्लीच्या द्वारकेसारख्या वसाहतीत, प्रसूती रुग्णालयात झाली असली तरी, गावाहून आई किंवा सासू डिंक आणि अळीव घेऊन येते आणि सव्वा महिना राहते. हे दृश्य तेथील मराठी घरांना अपरिचित नाही. धुरी तेवढी आता मागे पडत चालली आहे आणि ते योग्यच आहे.

सुश्रुताच्या त्याच अध्यायात आणखी एक वचन आहे. सोळा वर्षांखालील स्त्रीच्या ठिकाणी पंचवीस वर्षांखालील पुरुषाने गर्भ ठेवल्यास तो गर्भ उदरातच नष्ट होतो. जन्मलाच तर फार काळ जगत नाही. जगलाच तर दुर्बल राहतो. म्हणून अति लहान वयाच्या मुलीच्या ठिकाणी गर्भाधान करू नये, असा त्याचा आशय आहे. संमतिवयाच्या वादात सुधारकांनी हा आधार पुढे केला आणि तो सर्वांच्या तोंडी झाला. त्यापूर्वी काही वर्षे, फिलाडेल्फियात बसून प्राचीन प्रसूतिशास्त्राचा प्रबंध लिहिणारी एक विद्यार्थिनी होती, जिच्या बाबतीत या वचनाचा मधला पर्याय अक्षरशः खरा ठरला होता. गोपाळरावांचे वय पंचविसाच्या वर होते, पण तिचे सोळाच्या आत होते. धर्मशास्त्राच्या नावाने रूढीने जे केले, त्याविरुद्ध वैद्यकशास्त्राची साक्ष शतकानुशतके ग्रंथात पडून होती. काश्यपसंहिता हा सूतिकेविषयी अधिक विस्ताराने सांगणारा ग्रंथ मात्र आनंदीबाईंना उपलब्ध नव्हता. नेपाळात मिळालेल्या हस्तलिखितावरून तो १९३८ मध्ये मुंबईच्या निर्णयसागर छापखान्याने प्रसिद्ध केला.

११ मार्च १८८६ रोजी पदवीदान झाले. त्या प्रसंगी गोपाळराव उपस्थित होते आणि इंग्लंडहून पंडिता रमाबाईही आल्या होत्या. आनंदीबाईंच्या बरोबर शिकणाऱ्या आशियाई विद्यार्थिनींत जपानच्या केइको ओकामी आणि सीरियाच्या सबात इस्लामबूली या होत्या. आपापल्या देशी वेषातील या तिघींचे १८८५ मधील छायाचित्र आता सुप्रसिद्ध आहे. कोल्हापूर संस्थानाने आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयाच्या स्त्री-विभागाची प्रमुख म्हणून आनंदीबाईंची नेमणूक केली. ही जागा रुग्णालयातील असली तरी स्त्रियांना वैद्यकाचे शिक्षण देण्याची योजनाही त्यांच्या मनात होती. तिच्यामुळेच बाळंतिणीच्या बंद खोलीचा उंबरा ओलांडता येणार होता. कारण घरात शिरू शकणारी स्त्री शिकलेली असणे हाच त्यावर उपाय होता. लेडी डफरिन यांचा निधी १८८५ मध्ये आणि मुंबईचे कामा रुग्णालय १८८६ मध्ये सुरू झाले, हे ध्यानात घेता काळ या कार्याला अनुकूल होत चालला होता.

शरीर मात्र अनुकूल नव्हते. ऑक्टोबर १८८६ मध्ये त्या परत निघाल्या आणि १६ नोव्हेंबरला मुंबईस उतरल्या त्या अंथरूण धरलेल्या अवस्थेतच. कोल्हापूरची जागा त्यांची वाट पाहत राहिली. पुण्यात देशी वैद्यांचे उपचार झाले, घरची माणसे भोवती होती. परदेशात जाऊन आलेल्या स्त्रीला वाळीत टाकतील अशी जी भीती होती, ती फारशी खरी ठरली नाही. लोक उलट पाहावयास येत. डॉक्टर झालेल्या या स्त्रीचे अखेरचे सुमारे शंभर दिवस घरच्या शुश्रूषेत, म्हणजे पथ्य, काढे, अंथरूण आणि आपल्या माणसांचे हात यांत गेले. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी त्यांचा अंत झाला. ज्या विद्येसाठी त्या गेल्या, तिचा लाभ एकाही बाळंतिणीला त्यांच्या हातून स्वदेशात मिळू शकला नाही.

चरित्रलेखनाची गोष्ट उरते. कॅरोलाइन डॉल यांचे इंग्रजी चरित्र १८८८ मध्येच बॉस्टनहून निघाले. त्यानंतर काही वर्षांतच काशीबाई कानिटकरांनी मराठी चरित्र लिहिले. एका मराठी स्त्रीने दुसऱ्या मराठी स्त्रीचे लिहिलेले आरंभीचे चरित्र म्हणून त्याचे मोल आहे. श्री. ज. जोशी यांची आनंदी गोपाळ ही कादंबरी १९६८ ची. तिने ही कथा घराघरांत नेली, पण तिच्या शीर्षकातच सांगितल्याप्रमाणे ती दांपत्याची कथा झाली आणि गोपाळरावांच्या विलक्षण व्यक्तित्वाने बरीच जागा व्यापली. १९९७ मध्ये अंजली कीर्तने यांनी काळ आणि कर्तृत्व यांचा साधार शोध घेतला आणि कादंबरीने रूढ केलेल्या अनेक समजुती तपासून पाहिल्या. या सर्व लेखनात बाळंतपण येते ते मुलाच्या मृत्यूसाठी. हा दोष एकट्या चरित्रकारांचा नाही. सूतिकावस्था ही मराठी गद्याने घरातच ठेवलेली अवस्था आहे. तिचे वर्णन करण्यासाठी लागणारी भाषा घरातल्या स्त्रियांच्या तोंडी होती, पण ती छापून येण्याजोगी मानली जात नव्हती. आनंदीबाईंना ती भाषा अवगत होती. त्यांनी तिच्याऐवजी संस्कृत ग्रंथांची आणि अमेरिकन वैद्यकाची भाषा वापरली व परीक्षकांपुढे स्वतःचे एक अक्षरही न सांगता विषय मांडला. प्रबंधलेखनाच्या शिस्तीत ते उचितच होते.

धनुर्वातमुक्तीचा विषय वर आला म्हणून येथे नोंदवितो की माता आणि नवजात अर्भके यांच्या धनुर्वाताचे भारतातून उच्चाटन झाल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये मान्य केले. आनंदीबाईंच्या रक्षेपैकी काही थिओडिसिया कार्पेंटर यांच्याकडे पाठविण्यात आली. न्यूयॉर्क राज्यातील पोकीप्सी येथे, कार्पेंटर कुटुंबाच्या दफनभूमीत ती ठेवलेली आहे. प्रबंधाची हस्तलिखित प्रत फिलाडेल्फियातच राहिली.